कुत्र्याचे डोळे, घरचे डोळस

जनावरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढली की दोन गोष्टी आपोआप साठतात. एक औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि दुसरे किस्से. बाटल्या दर महिन्याला भंगारवाला घेऊन जातो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून आज ते तुमच्यासमोर ओतते. चहा घेऊन बसा.

माझा दवाखाना ग्वाल्हेरला, दर्पण कॉलनीत. स्टाफ म्हणजे मी आणि आमचे कंपाउंडर रामसेवक. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मुरैन्याकडचे. दिवसभरात चार वाक्यं बोलतात, तीही हिंदीत, आणि चारही नंतर आठवून मला हसू येतं.

सगळ्यात जास्त किस्से डोळ्यांचे. कारण सोपं आहे. कुत्र्याचं पोट बिघडलं तर गालिचा सांगतो. पाय दुखावला तर तो लंगडतो. डोळा गेला तर कोणीच सांगत नाही, कुत्रा तर मुळीच नाही! तो नाकाने आणि कानाने आपला संसार रेटत राहतो आणि घरचे कौतुकाने म्हणतात, "हल्ली किती शांत झालाय!" डोळ्याचं दुखणं आज आणलं तर बहुतेक वेळा डोळा वाचतो, परवा आणलं तर मी फक्त हळहळू शकते. लोक परवाच आणतात.

* * *

दिवाळीच्या आधी आठ दिवस नवाथे काकू धावतपळत आल्या. बरोबर काका, काकांच्या कडेवर त्यांचा पांढरा पॉमेरियन, बंटी.

"डॉक्टर, काय झालं की आम्ही साफसफाईसाठी दिवाण खिडकीपासून हटवला आणि बंटी आंधळा होऊन गेला!"

मी बंटीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. असा मोतीबिंदू दिवाण हलवल्याने होत नाही. वर्षभर तरी तो तिथे बसून होता. बंटीला अख्खं घर पाठ होतं, म्हणून त्याचं निभत होतं. दिवाण चार फूट सरकला आणि बंटीचा नकाशा चुकला.

काकांना काही पटेना. "हे होऊच नाही शकत. मी रोज ऑफिसातून येतो तर हा गेटवर शेपूट हलवत उभा असतो. मला बघतो म्हणूनच न?"

"काका, तुमची स्कूटर कोणती?"

"जुनीच आहे. का बरं?"

"ती कोपऱ्यावर वळली की मलाही इथे कळतं, काका आले!"

मी दोघांना समजावलं, रक्ताची तपासणी लिहून दिली, ऑपरेशनसाठी दिल्लीचा पत्ता दिला. काकूंचे डोळे भरून आले होते. वर्षभर आपल्याला कळलंच नाही, हे त्यांना फार लागलं होतं. काका मात्र दारातून बाहेर पडता पडता हळूच त्यांना म्हणाले, "तुला सांगितलं होतं न, दिवाण राहू दे तिथेच!"

* * *

ग्वाल्हेरच्या प्रत्येक मराठी घरात फ्रिजच्या दारात आय ड्रॉप्सची एक अर्धी बाटली असते. आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली. ती फेकायची नसते. का नसते, ते कोणालाच माहीत नाही.

लष्कर भागातल्या सोहोनींच्या पग जातीच्या कुत्र्याला मांजरीने डोळ्यावर पंजा मारला. पगचे डोळे आधीच बाहेर आलेले, मांजरीला नेम धरायची गरजच पडली नाही. घरातल्या आबांनी तत्परतेने फ्रिजमधली बाटली काढली आणि दोन दिवस, दिवसातून चार वेळा, मनोभावे थेंब घातले. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. बुबुळावर उघडी जखम असताना स्टेरॉइड घालणं म्हणजे जखमेला आणखी खोल जा म्हणून सांगणं. तिसऱ्या दिवशी सून पगला घेऊन आली तेव्हा मी जखम दाखवणारा हिरवा रंग टाकून बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. आणखी एक दिवस गेला असता तर डोळा फुटला असता.

मी फोनवरच आबांवर तोंडसुख घेतलं. आबा शांतपणे म्हणाले, "पण मला तर त्याच थेंबांनी एकदम फर्स्ट क्लास दिसायला लागलं!"

डोळा वाचला. एक पांढरा डाग राहिला, तेवढाच. पंधरा दिवसांनी सून पुन्हा आली, एकटीच. म्हणाली, "डॉक्टर, ते कुत्र्याचे ड्रॉप्स आणखी एक बाटली लिहून द्या न."

"का? संपले इतक्यात?"

"आबा घालतात. म्हणतात, कुत्र्याला इतका गुण आला, म्हणजे औषध पक्कं चांगलं आहे!"

* * *

महाराज बाड्याच्या मागच्या गल्लीत सुभेदार जाधव राहतात. फौजेतून रिटायर. त्यांच्या घराण्यात कोण कोणत्या लढाईत होतं, हे ते पाणी विचारायच्या आधी सांगतात. त्यांचा अल्सेशियन, नाव शमशेर. अल्सेशियनच्या बुबुळावर कधीकधी काळपट पडदा चढत जातो, ऊन जास्त असलं तर जास्तच, आणि ग्वाल्हेरच्या उन्हाबद्दल मी काय सांगावं! औषधाने तो आवरता येतो, पण औषध जन्मभर घालावं लागतं. सुभेदारांनी शमशेरला दाखवलं तेव्हा त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

त्यांनी मला बाजूला घेऊन हुकूम सोडला. "डॉक्टर, ही बात गल्लीत कळता कामा नये. राखणीचा कुत्रा आहे. गेटवर पाटी आहे. घराची इज्जत आहे."

तेव्हापासून मी तिथे बॅग न घेता जायची. पर्समध्ये थेंब, हातात मिठाईचा डबा. गल्लीने मला त्यांची भाची समजावं, अशी योजना.

दोनतीन खेपांत माझ्या लक्षात आलं की गल्लीला सगळं माहीत आहे. दूधवाला कोपऱ्यापासूनच ओरडायचा, "शमशेर, दूधवाला!" भाजीवाली थांबून म्हणायची, "शमशेर भैया, हम हैं, पालक वाले!" कुरिअरवालासुद्धा गेटबाहेर उभं राहून आपलं नाव सांगायचा आणि मगच कडी वाजवायचा. कुत्रा दचकू नये म्हणून. हे कोणी ठरवलं होतं, देव जाणे. शमशेर कान टवकारायचा, ओळख पटली की शेपूट हलवून पुन्हा आडवा व्हायचा.

एकदा मी तिथे असतानाच गॅसवाला आपलं नाव सांगत आत आला. सुभेदारांनी छाती फुगवून माझ्याकडे पाहिलं.

"बघितलंत? काय दरारा आहे! एकाची हिंमत नाही नाव न सांगता आत पाय टाकायची!"

मी मिठाईचा डबा पुढे केला. दुसरं काय करणार?

* * *

टोपी बाजारात लग्नाचे साफे विकणारे एक शेठ आहेत. त्यांच्या बीगलच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून लाल गाठ बाहेर आली होती. ती मी टाके घालून आत बसवली आणि गळ्यात प्लास्टिकची कॉलर अडकवली. लाउडस्पीकरच्या भोंग्यासारखी असते ती, कुत्र्याने पंजाने टाके काढू नयेत म्हणून. बजावलं, दहा दिवस काढायची नाही.

शेठ कासावीस झाले. "मैडम, शनिवार को बेटे की शादी है। घर का सदस्य है ये। प्लास्टिक पहनकर बारात में जाएगा?"

"जाएगा," मी म्हटलं. "नाहीतर एका डोळ्याने जाएगा."

दहा दिवसांनी टाके बघायला आणला. गळ्यात कॉलर होती, पण ओळखू येत नव्हती. कडेने जरीची गोट, बाहेरून गुलाबी रेशीम, वर मोत्यांची झालर आणि कानामागे छोटासा तुरा! आत माझंच प्लास्टिक, जसंच्या तसं. टाकेही जसेच्या तसे. मला बोलायला जागाच ठेवली नव्हती त्यांनी.

मी विचारलं, "लग्न कसं झालं?"

शेठनी मोबाइलवर फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत मधोमध बीगल. नवरदेव कुठेतरी मागे, कॉलरच्या आड अर्धा झाकलेला.

"लड़की वालों ने पूछा," शेठ जरा दुखावल्या स्वरात म्हणाले, "दूल्हे का साफा भी ऐसा ही क्यों नहीं बनवाया?"

* * *

जोशी गुरुजी पौरोहित्य करतात. त्यांचा काळू हा अस्सल रस्त्यावरचा. बाराव्या वर्षी काळूच्या डोळ्यांत निळसर झाक आली. गुरुजींनी त्याचा अर्थ आपल्या मनाने लावला. कॉलनीभर सांगत सुटले की काळूच्या आजोळी विलायती रक्त आहे, आता ते वर येतंय.

मी तपासलं. "गुरुजी, रक्तबिक्त काही नाही. हे वय आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांत अशी झाक येते. नजर चांगली आहे, काळजी करू नका."

मला वाटलं, गुरुजी खूश होतील. त्यांनी आधी दाराकडे बघितलं आणि मग आवाज खाली आणला.

"हे बाहेर बोलू नका. डीडी नगरात एका लॅब्राडॉरशी त्याचं बोलणं चालू आहे. वय कळलं तर मुलीकडचे नाही म्हणतील."

* * *

आता दुसऱ्यांना इतकं हसले, तर स्वतःचंही सांगायला हवं.

आमच्या घरी लाली आहे. देशीच. दोनतीन आठवडे सासूबाई मला सांगत होत्या, "अगं, लालीचे डोळे चिपडतात. बघ जरा." मी रोज म्हणायची, "बघते हं आई." आणि रोज दवाखान्यात येऊन लोकांना ऐकवायची की घरातल्या माणसांचं लक्ष कुठे असतं!

एका सोमवारी दवाखान्यात ही गर्दी. रामसेवकांनी पुकारलं, "नंबर चौदह, लाली!" मान वर करून बघते तर सासूबाई. इस्त्रीची साडी, हातात नंबराचा कागद, पायाशी लाली. पाऊण तास रांगेत बसल्या होत्या. आजूबाजूच्या बायकांशी ओळखी करून झाल्या होत्या, आणि मी कोण हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी कागदाची पट्टी लावून अश्रू मोजले. जवळजवळ नाहीतच. डोळे पार कोरडे पडलेले. बुबुळांवर ओरखडे पडायला लागले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, घरी सांगायचं न..."

"घरी सांगितलं होतं," सासूबाई खुर्चीवर नीट बसत म्हणाल्या. "मग म्हटलं, पेशंट होऊन जावं."

मागून रामसेवक म्हणाले, "मैडम, पर्चे पर मालिक का नाम क्या लिखूँ?"

* * *

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

आमच्या मागच्या गल्लीत पाटणकर मास्तर एकटे राहतात. सरकारी शाळेत संगीत शिकवायचे. त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना बाई म्हणायचे, घरी गाण्याची शिकवणी घ्यायच्या. कॉलनीतल्या निम्म्या मुली हॉलच्या खिडकीशी त्यांच्यासमोर बसून सा लावायला शिकल्या. मीही त्यातलीच, दोन परीक्षांपुरती. तीन वर्षांपूर्वी बाई गेल्या. मास्तरांनी शिकवणीचं सामान कपाटात टाकलं आणि गाणं बंद केलं. घरात उरले ते आणि भोलू, बाईंनी पाळलेला तपकिरी कुत्रा.

गेल्या वर्षी आठवड्याभरात भोलूची दृष्टी गेली. डोळ्यामागचा पडदाच निकामी झाला. यावर औषध नाही. दिल्लीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. भोलू स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन बसला तो उठेचना. तिथेच सगळं करायचा, हात लावला की गुरगुरायचा. एक दिवस मास्तर त्याला उचलायला गेले तर तो चावला. हाताला चार टाके पडले.

मुलगा समीर नोएडाला असतो. त्याचा फोन आला. "डॉक्टर, बाबा अकेले रहते हैं. पंचाहत्तरीचे आहेत. उद्या गळ्याला चावला तर? मी रविवारी येतोय. तोपर्यंत काही फरक नाही पडला तर त्याला सुई देऊन टाका. बाबांकडून हे नाही होणार, मीच सही करेन."

तो चुकीचं बोलत नव्हता. तीच पंचाईत होती. मला भोलू हवा होता, मास्तरांना तर हवाच होता, आणि हातात सहा दिवस होते.

मी मास्तरांना सगळं समजावलं. सामान हलवू नका. हात लावायच्या आधी हाक मारा. दारात पायपुसणी टाका, म्हणजे पायाला उंबरा कळेल. आणि पाण्याच्या भांड्याजवळ रेडिओ लावून ठेवा. आवाज रोज एकाच जागेवरून आला की आंधळ्या कुत्र्याला घराची दिशा सापडते.

"रेडिओ नाही माझ्याकडे. टीव्ही मी लावत नाही, त्यात सगळे भांडतात." मास्तरांनी कपाटाकडे बघितलं. "तानपुरा चालेल? मशीन आहे. विजेवरचं."

"पळेल!"

शुक्रवारी गेले. खिडकीजवळ स्टुलावर तानपुऱ्याची पेटी सुरू होती, शेजारी पाणी. भोलू दारामागे, तसाच. ढिम्म. पाणी प्यायलाही मास्तर वाटी त्याच्या नाकाशी सरकवायचे. मी पेटीकडे कान दिला. मास्तरांची खालच्या सुराची पट्टी होती, काळी एक. लहानपणी आम्हाला तीत गाता यायचं नाही म्हणून बाई आमच्यासाठी स्वतःची, वरची लावायच्या.

"मास्तर, बाईंची पट्टी काळी चार होती न?"

त्यांनी टाक्यांचा हात मांडीवर ठेवला.

"ती लागली नाही या घरात," ते म्हणाले. "तीन वर्षं."

पट्टी बदला, असं सांगायचा मला काय अधिकार? त्यांच्या हाताचं ड्रेसिंग करून निघाले. घरी आल्यावर मात्र मला रडू आलं. कशाचं, ते विचारू नका.

रविवारी सकाळी अकरा वाजता मी आणि रामसेवक निघालो. बॅगेत इंजेक्शन होतं आणि सहीचा कागद. गेटपाशी रामसेवक थबकले.

"मैडम, सुर बदल गया है।"

दार उघडंच होतं. भोलू हॉलमध्ये होता. खिडकीशी, बाई जिथे बसायच्या त्या सतरंजीच्या तुकड्यावर, पुढचे पाय नीट मुडपून. पाण्याचं भांडं अर्धं रिकामं. मास्तर खुर्चीत बसले होते आणि आमच्यापैकी कोणाकडेही बघत नव्हते.

"काल दुपारी तिची पट्टी लावली," ते म्हणाले. "आपणहून आला. भिंतीला एकदाही धडकला नाही."

तेवढ्यात बाहेर ऑटो थांबली. समीर फोनवर बोलत बोलतच पायऱ्या चढला. "हाँ, बस पहुँच गया. डॉक्टर भी आ गई हैं, अभी हो जाएगा, फिर मैं शाम वाली..."

उंबऱ्यात तो बोलायचा थांबला.

फोन कानाशीच होता. पलीकडून हॅलो, हॅलो येत होतं. समीरने पायातले बूट काढले. माझ्या बाजूने, वडिलांच्या बाजूने सरळ पुढे गेला आणि खिडकीशी, भोलूच्या शेजारी, मांडी घालून बसला. पाठ ताठ. भोलूने नाक वर केलं, त्याचा गुडघा हुंगला आणि मान पुन्हा खाली ठेवली. रामसेवकांनी बॅग खाली ठेवलीच नाही.

फोनमधून अजून हॅलो, हॅलो चाललं होतं.

"तो फोन बंद कर आधी," मास्तर म्हणाले. "शिकवणी चालू असताना तिला चालत नाही."

समीरने फोन बंद केला.